न ऐकलेली गाणी

४ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

फोनवर तू "हं"च्या पलीकडे जात नाहीस आणि मला सांगायचं बरंच आहे, म्हणून पत्र लिहितोय. पत्राला नुसतं "हं" करता येत नाही, उत्तर द्यावं लागतं.

दादाला जाऊन तीन महिने होत आले. परवा आमच्या श्रवण मंडळाची बैठक झाली. दादा अध्यक्ष होता, त्याची जागा सध्या रिकामीच ठेवायची असं ठरलं. त्याहून मोठं एक ठरलं ते कळवतो. दादाची गाणं ऐकायची खोली जशीच्या तशी उचलून मंडळाच्या सभागृहामागे मांडायची. स्पीकर, टर्नटेबल, मी त्याला बनवून दिलेला अँप्लिफायर, भिंतींवरचा फोम, खुर्ची, सगळं. खुर्चीमागे दादाचा फोटो. रेकॉर्डसाठी काचेचं कपाट, कुलपाचं, किल्ली माझ्याकडे. दर महिन्याला एक सभासद त्या खुर्चीत बसेल आणि दादाने ऐकलं तसं ऐकेल. अर्धं आयुष्य घालून त्याने तो आवाज उभा केला. तो त्याच्याबरोबर जायला नको.

मे महिन्यात मी रजा काढून येतो, बरोबर मंडळातला इंजिनियर असेल आणि टेम्पो. तोवर तुला काही करायचं नाही. तेच महत्त्वाचं, काही करायचं नाही. दार बंद ठेव. केर काढू नकोस, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. स्पीकरच्या तारा जमिनीला टेकू देऊ नकोस, त्या लाकडी ठोकळ्यांवरच हव्यात. खुर्चीचे पाय खडूच्या खुणांवरून हलता कामा नयेत.

तुला यात रस नव्हता हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. उलट तुझी एक खोली मोकळी होईल.

तुझी जाऊ विचारते, वेळेवर जेवतेस ना?

तुझा धाकटा दीर


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. जेवते वेळेवर.

तुमच्या सूचना उशिरा पोचल्या. खोलीत मी आधीच जाऊन आले. केर काढला, फडकं ओलं होतं. खुर्ची सरकवली, कारण तिच्याखाली धूळ होती. खडूच्या खुणा त्यात पुसल्या गेल्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट जरा लवकर निघायला हवा होता.

मला पत्रं लिहायची सवय नाही. क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, तिथे लिहायचं ते आकड्यांत. तरी घडलं ते सांगते.

मी गेले होते ह्यांचा राखाडी स्वेटर शोधायला. तो सापडला नाही. टर्नटेबलवर एक रेकॉर्ड मात्र होती, ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हापासून तशीच. तुमच्या ओळखीची, ती व्हायोलिनची. तुम्ही मंडळी जमलात की तीच लागायची. नवी तार आली की ती, नवी सुई आली की ती, स्पीकर बोटभर सरकवला तरी ती. व्हायोलिन सुरू व्हायचं, हे खुर्चीत, तुम्ही बाकीचे भिंतीला टेकून, सगळ्यांचे डोळे मिटलेले. आता बाई गायला लागणार, तेवढ्यात हे सुई उचलायचे. "वरचे सूर कसे सुटे झाले बघा." "पण खाली जरा फुगतंय." की पुन्हा पहिल्यापासून. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. व्हायोलिन वाजताना आत पाऊल टाकायचं नाही, कपाचा आवाज होतो.

इतक्या वर्षांत त्या व्हायोलिननंतर काय येतं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी सुई ठेवली आणि उचलली नाही.

भाऊजी, ते विनोदी गाणं आहे. बायको नवऱ्याला बाजारात दोरा आणायला पाठवते. पहिल्या कडव्यात तो छत्री घेऊन येतो. दुसऱ्या कडव्यात घड्याळ, तेही बंद. तिसऱ्यात बोलका पोपट आणतो आणि तो पोपट बायकोची बाजू घेतो. मागे बायका खिदळत असतात. आणि ते व्हायोलिन म्हणजे बाजाराला निघालेल्या नवऱ्याची चाल आहे. तुमचे इंजिनियरसाहेब त्याला "एकाकी जिवाचा आकांत" म्हणायचे.

मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने हसले, फोममुळे बाहेर जात नाही.

मग कपाटातली दुसरी काढली, मग तिसरी. उजेडात धरून बघितलं तर बहुतेकींचे कडेचे चार वळसे झिजून भुरे झालेत आणि आतला भाग काळा कुळकुळीत, जसा दुकानातून आला तसा. ह्यांनी एवढ्या रेकॉर्ड हौसेने जमवल्या आणि एकीचंही पोट पाहिलं नाही. आता मी रोज संध्याकाळी एक ऐकते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या वेळात दुसरं काही करत नाही. लोक विचारतात, एकटीचा वेळ कसा जातो. असा जातो.

म्हणून रेकॉर्ड देता येणार नाहीत. मंडळींना नमस्कार.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

खुर्ची हलवलीस. ठीक आहे, मापं माझ्याकडे आहेत. ओलं फडकं. तेही ठीक आहे. पण आधी हे सांग, सुई कोणती होती? टर्नटेबलच्या डाव्या हाताच्या डबीतली की उजव्या? डावीतली असेल तर ती फक्त चाचणीची आहे. तिने अख्खी बाजू वाजवायची नसते. ताबडतोब कळव.

गाण्याचं म्हणशील, तर मला माहीत नव्हतं. मंडळात विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनियर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पण त्याने काही बिघडत नाही. चाचणीच्या रेकॉर्डचा अर्थ बघायचा नसतो. दुधात पाणी किती हे तपासणारा ते दूध पीत बसत नाही.

खरं बोलतो, रागावू नकोस. तू आत्ता दुःखात आहेस. दुःखात माणसाला एखादी गोष्ट धरून बसावंसं वाटतं. तू गाणी धरून बसली आहेस. असल्या वेळी निर्णय घेऊ नयेत, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते घ्यायचे असतात. दवाखान्यात जायच्या आधी दादाचा मला फोन आला होता. "खोलीकडे लक्ष असू दे," म्हणाला. ही त्याची शेवटची इच्छा समज. तू बायको आहेस, मान्य. पण या एका बाबतीत आम्ही त्याला जास्त ओळखत होतो.

शनिवारी इंजिनियर येऊन पाहणी करेल. त्याला फक्त खोली दाखव, बाकी तो बघेल.

तुझा दीर


१२ मार्च

भाऊजी,

सुई डाव्या डबीतली होती.

इंजिनियरसाहेब आले. बूट काढून खोलीत शिरले आणि तसेच उभे राहिले. खिडकी उघडी होती. फोम काढल्यावर मागे खिडकी सापडली मला. या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा ती होती, नंतर मी विसरूनच गेले होते.

"वहिनी, स्पीकर कुठे आहेत?"

"एक स्वयंपाकघरात ठेवलाय. एक बाहेरच्या खोलीत."

"अहो, एका स्पीकरमध्ये अर्धंच गाणं असतं. व्हायोलिन डावीकडे, बाई उजवीकडे."

"माहीत आहे. बाई स्वयंपाकघरात गातात. मला व्हायोलिन ऐकावंसं वाटलं की मी बाहेर जाते."

ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, आलाच आहात तर चहा घ्या, आणि ते गाणंही पूर्ण ऐका. आधी नको नको म्हणाले. मग एकदा ऐकलं. मग म्हणाले, "ते पोपटाचं जरा परत लावा, नीट कळलं नाही." जाताना जिना उतरताना तेच गुणगुणत होते. हे त्यांनी तुम्हाला कळवलं नसेल, म्हणून मी कळवते.

आता माझ्या कामाचं सांगते. समोरच्याच्या डोळ्यांवर चौकट असते, मी त्यात एक भिंग घालते, मग दुसरं, आणि विचारते, "आता बरं की मघाशी?" लोक सांगतात. बदलत बदलत एक वेळ अशी येते की माणूस म्हणतो, "सारखंच दिसतंय." तिथे मी थांबते. कागदावर नंबर लिहिते आणि म्हणते, जा, वाचा आता. हेही मला हेच विचारायचे, तार बदलून. "आता बरं की मघाशी?" मी म्हणायची, सारखंच. ते थांबायचे नाहीत.

शेवटच्या इच्छेचं लिहिलंत. तुम्हाला फोन केला तेव्हा ह्यांना घरी परत यायचं होतं. त्यानंतरचे दिवस तुम्ही बघितले नाहीत. शेजारच्या खाटेवर एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याच्या उशाशी तळहाताएवढा रेडिओ, सारखा खरखरणारा. आधी हे मला म्हणाले, "त्याला तो डबा बंद करायला सांग." मी सांगितलं नाही. तो माणूस माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आजारी होता. पुढे एकदा नर्स आली आणि तिने तो रेडिओ बंद केला. तर हे उशीवरून मान वळवून म्हणाले, "लावा ना ते. अर्धवट काय बंद करता."

जे वाक्य ऐकायला मी दारात तीस वर्षं उभी होते, ते त्यांनी नर्सला ऐकवलं.

तेव्हा कोण कुणाला जास्त ओळखत होतं याची मोजणी आपण नको करूया.

आणखी एक. रेकॉर्ड मी आता थोड्या थोड्या क्लिनिकमध्ये नेते. डोळा आतून तपासायचा असला की आधी थेंब घालून बाहुली मोठी करतात, आणि तोवर माणसं बाहेर बाकावर डोळे मिटून बसतात. त्यांना वाचता येत नाही, मोबाइल बघता येत नाही, खिडकीबाहेरही बघवत नाही. नुसती बसतात आणि काळजी करतात. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्या आईचा जुना रेकॉर्ड-प्लेअर होता, पेटीसारखा, झाकणात स्पीकर असलेला. तो आम्ही औषधांच्या कपाटावर ठेवलाय. परवा एका आजोबांना आत बोलावलं तर म्हणाले, "जरा थांबा की, हे संपू दे."

अँप्लिफायर तुम्ही बनवलेला आहे, तो तुमचा. स्पीकर, खुर्ची, फोम, ठोकळ्यांवरच्या तारा, सगळं न्या. रेकॉर्ड नाही.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

क्लिनिकमध्ये. पंख्याखाली, औषधांच्या कपाटावर, झाकणात स्पीकर असलेल्या खोक्यावर. लोक खोकतात, दार उघडतं, कुणाला तरी हाक मारली जाते. त्या खोक्याच्या सुईचा भार किती आहे माहीत आहे तुला? नांगर आहे तो, नांगर. जी रेकॉर्ड दादा दोन बोटांनी कडेला धरायचा, ती आता कुणीही कंपाउंडर कशीही धरत असेल. मी हे मंडळात सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते.

इंजिनियर कबूल करत नाही, पण गुणगुणतो. ते असो.

दादाने मला एक गोष्ट तुला सांगू नको म्हणून बजावलं होतं. आता सांगतोच, कारण त्याशिवाय तुला कळणार नाही तू काय मोडते आहेस.

दादाला वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. आज नाही, फार वर्षांपूर्वी. मंडळाच्या अध्यक्षाला हे कुणाला सांगता येईना. आम्ही सगळे "वरचे सूर सुटे झाले" म्हणायचो, तो मान डोलवायचा, आणि त्याला त्यातलं काही कळत नसे. म्हणून तो तुला विचारायचा. तू म्हणायचीस, सारखंच. तुझ्या उत्तरावर त्याने कधीच विश्वास ठेवला नाही. तो तुझा पाय बघायचा. तू ट्रे घेऊन दारात उभी असलीस की तुझ्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा, तुझ्या नकळत. ज्या तारेला तो हलला, ती तार राहिली. ज्या सुईला हलला नाही, ती सुई परत गेली. "तिचा कान माझ्यापेक्षा खरा आहे," मला म्हणाला होता, "तिला स्वतःलाही ते माहीत नाही."

ती खोली त्याने तुझ्या पायावर जुळवली, वहिनी. जगात तसा आवाज दुसरीकडे कुठे नाही. आणि तू त्याचा एक स्पीकर स्वयंपाकघरात नेऊन ठेवलास.

आता तूच ठरव.

तुझा दीर


२८ एप्रिल

भाऊजी,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. नंतरही बरेच दिवस ते पत्र टेबलावर ठेवून त्याच्या बाजूने जा-ये केली. मला पटकन बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आता बोलते.

माझा अंगठा तारेमुळे हलत नव्हता. त्या व्हायोलिनची चालच तशी आहे, पाय हलवणारी. बाजाराला निघालेल्या माणसाची. ज्या दिवशी मी दमून आलेली असे त्या दिवशी तो हलत नसेल. तुमच्या त्या भारी सुया परत गेल्या त्या माझ्या पोटऱ्या दुखत होत्या म्हणून. क्लिनिकमध्ये उभ्याचंच काम असतं.

तुम्हाला वाटलं होतं हे वाचून मी गप्प बसेन, डोळे पुसेन आणि फोम पुन्हा चिकटवेन. डोळे पुसले. फोम चिकटवला नाही.

ह्यांना ऐकू येत नव्हतं हे मला त्यांनी सांगायला हवं होतं. मी दिवसभर लोकांना हेच सांगते, दिसत नाही म्हणायला लाजू नका, त्यावर इलाज आहे. माझ्या घरातला माणूस माझ्यापासून कान लपवत होता आणि माझ्या पायाकडे बघत होता. दारातल्या बाईचा अंगठा इतका नीट बघणाऱ्याला तिला "आत ये, बस" म्हणायचं सुचलं नाही. मी आले असते. तारेविषयी एक अक्षर बोलले नसते. आम्ही दोघांनी त्या नवऱ्याचं आणि पोपटाचं गाणं ऐकलं असतं, आणि त्यांना वरचे सूर ऐकू आले नसते तरी शब्द कळले असते. विनोद कळायला कान चांगला लागत नाही.

ते प्रेम होतं, असं तुम्ही म्हणाल. होतं. मला ते तुमच्या आधी कळलंय. पण कुणीतरी आपल्याकडे चोरून बघत होतं एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. हे असते तर यावरून त्यांच्याशी भांडले असते. ते नाहीत म्हणून तुमच्याशी भांडते.

तुम्ही म्हणता मी काहीतरी मोडतेय. ह्यांचा आवाज त्या खोलीत नाही. तिथे आता मी माझं इस्त्रीचं टेबल ठेवलंय, खिडकीतून वारा येतो, आणि मला तिथे बसवतं. आधी बसवत नव्हतं.

खोली माझ्या पायावर जुळवली असेल, तर पाय माझा आहे. त्याला विचारून तुम्ही काही ठरवलेलं नाही. तो म्हणतो, यंत्र न्या आणि रेकॉर्ड राहू द्या.

ओरखड्यांची काळजी करू नका. काही पडलेत. रेकॉर्ड ऐकायला काढली की ओरखडे पडतात. ज्यांना पडले नाहीत त्या कुणी ऐकल्या नाहीत.

वहिनी


३ मे

वहिनी,

येत्या अठरा तारखेला सकाळी येतोय. इंजिनियर आणि टेम्पो बरोबर असेल. रेकॉर्डशिवाय मंडळातल्या दादाच्या दालनाला अर्थ नाही, नुसता फोटो आणि मुकं यंत्र. सभासदांना शब्द दिलाय. भावाच्या वस्तूवर भावाचाही काही हक्क असतो. खोकी घेऊन येतो.

तुझा दीर


८ मे

भाऊजी,

अठराला माझं क्लिनिक आहे. घराची किल्ली शेजारी ठेवते, यंत्र घेऊन जा. रेकॉर्ड आता एकूण एक क्लिनिकमध्ये आहेत. त्या न्यायच्या तर तिथे यावं लागेल.

येताच आहात तर डोळे तपासून घ्या. तुमच्या प्रत्येक पत्रात अक्षर मोठं होत चाललंय.

वहिनी


२७ मे

वहिनी,

तू मला फसवलंस. सभ्य भाषेत दुसरा शब्द नाही.

मी दोन शब्द ठणकावून सांगायचे म्हणून प्रवासभर मनाशी घोळवत आलो होतो. तू मला खुर्चीत बसवलंस, भिंगं बदललीस, आणि म्हणालीस, "आत डॉक्टरीणबाईंना बघू दे एकदा. वर बघा." मी वर बघितलं. दोन्ही डोळ्यांत थेंब. "आता?" मी विचारलं. "आता बाहेर बसा. डोळे मिटून." आणि तू पुढच्या पेशंटला हाक मारलीस. थेंब घातल्यावर माणसाला खोकी भरता येत नाहीत हे तुला पक्कं माहीत होतं.

बाकावर डावीकडे एक आजीबाई, उजवीकडे एक बसचालक. वर पंखा, दर फेऱ्याला कटकट करणारा. आणि ते खोकं सुरू झालं. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "याला खालचे सूरच नाहीत."

आजीबाई म्हणाल्या, "पडले असतील कुठेतरी. आत्ता शोधायला आपल्यातल्या कुणाला दिसतंय?"

बसचालक म्हणाला, "साहेब, जरा हळू. मागच्या खेपेला हे गाणं निम्म्यात असताना मला आत बोलावलं. तेव्हापासून डोक्यात अडकलंय. आज संपवूनच उठणार."

"तुम्ही डोळ्यांसाठी येता की गाण्यासाठी?"

"डोळ्यांसाठीच येत होतो. आधी टाळायचो. आता टाळत नाही, एवढंच."

तेवढ्यात इंजिनियर खोकी घेऊन आला. त्याचे डोळे उघडे होते, त्याने कपाटाकडे हात केला असेल. खोक्यांचा आवाज झाला. बसचालकाने विचारलं, "कुठे नेताय?" इंजिनियर सांगतो की बाकावरचे सगळे मिटल्या डोळ्यांनी एकदम त्याच्याकडे वळले. तो म्हणतो, तसं कुणी आपल्याकडे बघितलेलं त्याला आजवर आठवत नाही. त्याने खोकी खाली ठेवली आणि तोही बाकाच्या टोकाला बसला. पुढे त्याने काय केलं मला दिसलं नाही. गुणगुणताना ऐकू आला.

मग आतून माझ्या नावाने हाक आली. मी "हे कडवं होऊ दे" म्हणालो, असं इंजिनियर मंडळात सगळ्यांना सांगत सुटलाय. मला तसं काही आठवत नाही. थेंबांचा परिणाम असेल.

ध्वनी अत्यंत वाईट होता, हे मी लेखी देतो. त्या सुईने रेकॉर्डची वाट लागेल. सोबत त्या प्लेअरला बसणारी हलकी सुई पाठवतोय. कंपाउंडरला बसवता येणार नाही, तू स्वतः बसव. खाच डावीकडे.

टेम्पोत यंत्र आणलं, ते मांडून झालं. आता एकच मागतो. निदान एक रेकॉर्ड दे, ती व्हायोलिनची. बाकीच्या राहू देत. दादाची आठवण म्हणून दालनात एक तरी असावी. मंडळाने विनंती केली आहे, मीही करतो.

तुझी जाऊ म्हणते, चष्म्याचा नंबर वहिनींनी सांगितलाच नाही का?

तुझा दीर


९ जून

भाऊजी,

सुई मिळाली. खाच डावीकडे ठेवून मी बसवली. चांगली आहे. आता आणखी काही पाठवू नका, नाहीतर आधीची बरी की आताची असं मला कुणीतरी विचारायला लागेल.

चष्म्याचा नंबर दुसऱ्या कागदावर लिहिलाय. डाव्या डोळ्याचा बराच वाढलाय. तपासताना तुम्ही "पुन्हा दाखव, पुन्हा दाखव" म्हणत होता. पुढे फरक नव्हता, म्हणून मी थांबले. चष्मा करून घ्या. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. थेंब घालावे लागतील, त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.

जाऊबाईंना म्हणावं, त्यांचेही डोळे तपासायचे राहिलेत. बरोबर आणा.

रेकॉर्ड देणार नाही. व्हायोलिनची नाही आणि दुसरी कुठलीही नाही. विनंती केलीत म्हणून वाईट वाटलं, पण उत्तर तेच आहे. दालनात तुम्ही ती लावाल, चार वळसे ऐकाल आणि कुलूप घालाल. ह्यांची आठवण तशी ठेवायला मी तुम्हाला अडवत नाही. माझ्याकडून त्यासाठी काही मिळणार नाही एवढंच. मंडळात कुणाला राग आला तर माझं नाव सांगा. वहिनींना यात रस नाही, असं मात्र आता म्हणू नका.

काल एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या, शाळेत भूगोल शिकवतात. थेंब घालायच्या आधी त्या कपाटाजवळ उभ्या राहून एकेक पाकीट चाळत होत्या. म्हणाल्या, "एवढा मोठा संग्रह. कुणाचा आहे हा?"

मी म्हटलं, "माझा."

वहिनी